थंडीच्या शुभेच्छा, चिंतामणी रंगात

ताई,

तुझं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले, मांडवाचे बांबू परत केले आणि मी पुन्हा ड्यूटीवर रुजू झाले. दमले आहे गं. रडून दमले असं म्हटलं की लोकांना बरं वाटतं. पण तुझ्याशी कशाला खोटं बोलू, मी पातेली घासून दमले, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगून दमले. कसं झालं? सकाळी खळ्यावर भात झोडत होत्या, छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. काही बोलल्या का? नाही. इतक्यांदा सांगितलं की आता कोणी विचारलं की मशीनमधून तिकीट निघावं तसं उत्तर निघतं, आणि मी पुढच्या माणसाकडे बघते.

सगळ्यांना सांगताना मी 'त्या' म्हणते. थोरल्या जावेला चारचौघांत अहो-जाहो, आणि चुलीपाशी अगं-तुगं, हा आपला जुना ठराव. सासूबाईंनी एकदा ऐकलं, तर तू म्हणालीस, "तिला राहू द्या आई, ती कंडक्टर हाय, दिवसभर लोकांना पुढं सरका, पुढं सरका करते, तिची जीभ तशीच झाली." मी अजून तशीच आहे. तू गेल्यावर चार दिवस मऊ झाले होते, पण डेपोत पाय ठेवला आणि पहिल्याच फेरीला एका माणसाशी सुट्ट्यावरून भांडले.

आता मुद्द्यावर येते, कारण मुद्दा माझ्या बॅगेत आहे. तुझे कागद. रबर लावलेला गठ्ठा तुझ्या मिसरीच्या डब्याशेजारी सापडला. सगळे रंगवून झालेले, आणि एकावरही अक्षर नाही. सासूबाई म्हणतात, तिच्या कपड्यांबरोबर नदीत सोडायला हवे होते, राहून गेलं, आता तरी सोड. भाऊजी गठ्ठा हातात घेतात, वरचा कागद बघतात आणि परत ठेवतात. आणि शहापूर ते मुरबाड, रस्त्यावरचा प्रत्येक दुसरा थांबा मला विचारतो, यंदा ताईचा कागद नाय आला?

ज्यांना ठाऊक नाही त्यांना मी हे कसं समजावू? एकदा डेपोत सांगायला गेले तर एक जण म्हणाला, म्हणजे ग्रीटिंग कार्ड. हो, म्हटलं, ग्रीटिंग कार्ड. पण ते तसं नव्हतं. आपल्या किन्हवलीत लग्नं काय कमी होतात? घरात पत्रिकांचा ढीग. त्यांची कोरी पाठ बघून तुझा जीव तुटायचा. एवढा गुळगुळीत कागद, आणि लोक त्यावर गरम पातेलं ठेवतात. मग तू त्या कापायला लागलीस. करंजाची काडी चावून तिचा कुंचला केलास. कपड्यांची नीळ, भाताची पेज आणि चिमूटभर हळद वाटीत कालवलीस, आणि दूध वर यायच्या आत एक चित्र. खरंच तेवढ्याच वेळात. दूध उतू गेलं की चित्र बिघडलं म्हणायचीस, चित्रापायी दूध उतू गेलं असं कधी म्हणाली नाहीस. एक बगळा. एक कोंबडा. वालाची शेंग. उलटा ठेवलेला तवा. चुलीपुढे सोडलेल्या दोन चपला. माहुलीच्या डोंगराची तीन टोकं, तीही अशी ओढलेली की हात भाजला म्हणून झटकला असावा. सगळं एकाच रंगात.

आणि खाली थंडीच्या शुभेच्छा. मी हसले होते. थंडीच्या कधी शुभेच्छा असतात? तू म्हणालीस, "दिवाळीच्या सगळेच देतात गो. थंडीच्या कोण देतो? दिवाळी झाली की माणसांना कोण इचारीत नाय, आणि खरी कुडकुडी तवाच सुरू होते."

तुझ्या शुभेच्छाही काय एकेक. आमच्या ड्रायव्हरला: सकाळची गाडी पहिल्या स्टार्टरला चालू होवो. सरळगावच्या चहावाल्याला: तुझं दूध न नासो, आणि पहिल्या गाडीची माणसं घाईत नसोत. अंगणवाडीच्या बाईंना: पोरांची नाकं यंदा कमी गळोत. डोळखांबकडच्या एका बाईला, जी वीटभट्टीवर गेलेल्या नवऱ्याची वाट बघत होती: रोज निदान एकदा तरी फोनला रेंज येवो. मी तुला चिडवायचे, अगं, मागतेच आहेस तर आरोग्य माग, भरभराट माग, लॉटरी लागो म्हण. तू काडी वाटीच्या कडेला निपटत म्हणायचीस, "मोठा मागायला देव हाय. मी लहान लहान मागते. लहान मागितला की होतो तरी."

आता रंगाचं. हे भांडण आपलं अर्धंच राहिलं, आणि ते मी आज सोडणार नाही, तू तिकडे असलीस तरी. तो रंग निळा होता. निळेत पेज घातली, हळद घातली, काहीही केलं तरी निळा. तू म्हणायचीस, निळा नाय गो, चिंतामणी हाय. तुझ्या आईची लग्नातली साडी चिंतामणी होती म्हणे, मुरबाडच्या बाजारातून आणलेली, आणि लहानपणी तू तिच्या पदराखाली डोकं घालून उन्हाकडे बघायचीस, तो रंग. ती साडी फाटून तिची गोधडी झाली, गोधडी फाटून पायपुसणं झालं, मग तेही गेलं. म्हणजे पुरावा नाही. मी म्हणायचे, पुरावा नाही म्हणजे निळा. एका वर्षी हळद जास्त पडली आणि सगळे बगळे पोपटी झाले, तेव्हा मी घरभर सांगत फिरले की ताईचा चिंतामणी पिकला. तू दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी माझ्या डब्यात हळद न घातलेली, पांढरी फटक बटाट्याची भाजी दिलीस.

तू गेलीस त्या दुपारी तुला साडी नेसवायची होती. सवाष्ण गेली, म्हणजे हिरवी, आणि ती माहेरची. तुझा भाऊ घेऊन निघालाच होता. पण माझ्या डोक्यात काय आलं कोण जाणे, मी चपला अडकवल्या आणि बाजारात गेले. दुकानदाराला म्हटलं, चिंतामणी रंग दाखवा. त्याने एक काढली. म्हटलं, ही निळी आहे. दुसरी काढली. म्हटलं, ही मोरपंखी. त्याने तिसरी, चौथी पसरली आणि जरा चिडून म्हणाला, "बाई, चिंतामणी म्हणजे तुमच्या मनात कोणता, ते तरी सांगा." मला सांगता येईना. इतकी वर्षं मी तुझ्या हातात तो रंग बघितला, तुझ्या नखांत बघितला, पिठाच्या डब्याच्या झाकणावर तुझ्या अंगठ्याचा ठसा बघितला, आणि सांगता येईना. एवढंच कळत होतं की यातली एकही तुझी नाही. मी रिकाम्या हातांनी परत आले. तोवर तुझा भाऊ पोचला होता, आणि तुला हिरवी नेसवून झाली होती. छान दिसत होतीस. पण हिरवा तुझा नव्हता.

दहाव्याला भाऊजी घाटावरून आले आणि सांगायला लागले की पिंडाला कावळा लगेच शिवला. पानं मांडून माणसं मागे सरली नाहीत तोच आला. सगळ्यांनी हुश्श केलं. भाऊजींनी बिचाऱ्यांनी काय काय कबूल करायचं ठरवून ठेवलं होतं; धाकट्या लेकीचं लग्न थाटात करीन, घरावर स्लॅब टाकीन. कावळ्याने त्यांना तोंडच उघडू दिलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "सुटली. काय इच्छा नव्हती तिची." मला राग आला, ताई. इतक्या लोकांच्या गुडघ्यांची आणि कोंबड्यांची तुला काळजी, गठ्ठाभर कागद कोरे ठेवून गेलेलीस, आणि तुझी म्हणून एक इच्छा नाही? जरा तरी घुटमळायचंस. मी चुलीत लाकूड सारत राहिले, आणि धूर झाला म्हणून सगळे मला ओरडले.

आणखी एक सांगायचं आहे. तू मला एकदाही कागद दिला नाहीस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुझे बगळे पोचवायला मी, आणि मला एक कोंबडाही नाही. एका वर्षी मी विचारलंच. तू म्हणालीस, "तू घरातच हाय. घरातल्या मानसाला कागूद कशाला?" मी हसून सोडून दिलं. पण मला वाईट वाटलं होतं. आजही वाटतं. तेव्हाच धरून बसायला हवं होतं, म्हणजे तू दूध वर यायच्या आत एक खरडला असतास आणि विषय मिटला असता. आता कोणाकडे मागू?

असो. परवा संध्याकाळी मी ते कागद घेऊन बसले. ठरवलं, नदीत सोडायचे नाहीत, आपणच लिहायचं. पेन काढलं. तुझं चित्र बिघडायला नको म्हणून आधी वर्तमानपत्राच्या कडेला लिहून बघितलं. आलं काय, तर 'हिवाळ्याच्या हार्दिक शुभेच्छा'. चौकातल्या फ्लेक्सवर नेत्याच्या फोटोखाली असतं तसं. त्याच्यापुढे 'शुभेच्छुक' लिहिलं आणि माझं मलाच हसू आलं. मग दुसरं काही सुचेना. चहावाल्याला काय हवं असेल? अंगणवाडीच्या बाईंना? मला काय ठाऊक, मी तर त्यांच्याकडे पाहून फक्त 'चला, चला' म्हणते.

पाय ठणकत होते म्हणून गरम पाण्यात मीठ टाकून बसले, रोज बसायचे तशी. आणि सवयीने तोंड सुरू झालं. समोर कोणी नव्हतं तरी. आज त्या चहावाल्याने कप इतके गरम दिले की माणसं गाडीत घेऊन चढली आणि एकाने माझ्या पदरावर सांडला. ती अंगणवाडीची बाई रोज खुर्ची घेऊन चढते, म्हणे अंगणवाडीतली मोडली, घरून नेते. बोलता बोलता मी थांबले. इथे तुझा 'मग?' यायचा. तू माझ्याकडे न बघता काडी चालवत असायचीस, आणि मी श्वास घ्यायला थांबले की, "मग?" मला इतकी वर्षं वाटायचं की मी दिवसभराचा वैताग ओकते आणि तू मोठ्या मनाने ऐकून घेतेस. अगं, तू माझ्या कटकटीतून शुभेच्छा वेचत होतीस. नाकं गळणारी पोरं मी आणली होती. त्यांनी सीट खराब केली म्हणून मी तणतणले होते. स्टार्टर मी आणला होता. रेंज मी आणली होती. ती बाई फोन धरून दारात उभी राहते, आत सरकत नाही, म्हणून. माझं रडगाणं आत जायचं आणि तुझ्याकडून आशीर्वाद होऊन बाहेर यायचं. तू हे मला कधी सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तर मी जरा बरी माणसं बघून तक्रार केली असती.

मी दोन-तीन कागद लिहून काढले. खुर्चीच्या बाईंना: मोडलेली खुर्ची पौषाच्या आत दुरुस्त होवो. ठीक जमलं. तरी पुढे हात चालेना. तुझ्या बगळ्याखाली माझं कंडक्टरचं अक्षर, पावतीवर लिहिल्यासारखं. वाटलं, हे चोरीचं काम आहे. लोकांना तुझा कागद हवा आहे, आणि मी तुझ्या नावावर माझा माल खपवते आहे. सगळे परत रबरात घातले. सासूबाईंना म्हटलं, सोमवारी सुट्टी आहे, नदीवर जाते.

काल सकाळी मुरबाडची पहिली फेरी होती. धुकं असं की फाटे दिसत नव्हते, माणसं हात दाखवायची आणि मग गाडी थांबल्यावर दिसायची. सरळगावच्या अलीकडच्या फाट्यावर भागीआजी उभी होती. तुला तर ती ठाऊकच आहे, भाजीची पाटी घेऊन बाजाराला जाणारी. तिला पायरी चढवत नाही, पाटी आधी चढते, मग काठी, मग ती, आणि तोवर मी घड्याळ बघते. तिला वाचता येत नाही, म्हणून तिचा कागद दरवर्षी मी दारात उभी राहून मोठ्याने वाचायचे, आणि अर्धी गाडी ऐकायची. काल ती चढलीच नाही. खालीच उभी राहिली आणि हात पुढे केला.

"आलाय का गो कागूद?"

मला नाही म्हणवेना. बॅगेतून गठ्ठा काढला, वरचाच दिला. बगळा होता, एका पायावर. तिने तो लांब धरून बघितला, हसली आणि माझ्याकडे परत दिला. "वाच."

खाली सगळं कोरं. मी कागद डोळ्यांपुढे धरला आणि वाचायला लागले. म्हणजे बोलायला लागले. काय बोलावं? मागच्या आठवड्यात तिने मला वात आणला होता. खिडकीची काच लागत नाही म्हणून तीन सीट बदलल्या होत्या आणि दर वेळी पाटीही हलवली होती, वर अंड्यांवर न बसणाऱ्या कोंबडीचं गाऱ्हाणं. मी वाचलं, "भागीआजी, यंदा तुला काच लागणारी खिडकी मिळो. आणि तुझी खुडूक कोंबडी अंड्यांवर नीट बसो."

गाडीतलं कोणीतरी हसलं. भागीआजी हसली नाही. म्हणाली, "ती गेली नं? बाजारात आयकला मी."

मी मान हलवली.

"मंग ह्या कोनी लिवला?"

"तिनेच," मी म्हटलं. "आधीच लिहून ठेवलं होतं."

तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला, उलटा केला, सुलटा केला. "मला वाचता येत नाय गो, पन लिवलेला हाय का नाय ता दिसतो. ह्याच्यावर काय नाय." मग कागद माझ्यापुढे धरला. "आता बोललीस ना, ता लिव. मी थांबते."

मी ड्रायव्हरकडे बघितलं. तो एरवी फाट्यावर ॲक्सिलरेटर दाबत बसतो. त्याने गाडी बंद केली. पहिल्या स्टार्टरला चालू होईल की नाही ठाऊक नसताना, त्या थंडीत, बंद केली. मी मशीन मांडीवर घेऊन पायरीवर बसले, मशीनवर कागद ठेवला आणि लिहिलं. खिडकी लिहिली, कोंबडी लिहिली. बोटं गारठली होती, अक्षर पावतीवरच्याहूनही वाईट आलं. आजी वाकून एकेक ओळ बघत होती, जणू चुकलं तर धरणार.

"खाली नाव लागतो ना?" ती म्हणाली. "ती घालायची."

"तिचंच घालते, आजी. चित्र तिचं आहे."

"नको," भागीआजी म्हणाली. "तिला आता थंडी नाय लागत. तुझा घाल."

ताई, तोपर्यंत मी सगळ्यांना सांगत होते की तू गेलीस, कशी गेलीस, काही बोललीस का. मलाच कोणी सांगितलं नव्हतं. त्या पायरीवर, भरल्या गाडीसमोर, तुला आता थंडी लागत नाही हे ऐकलं आणि मी तोंडावर पदर घेऊन रडले, इतकी की भागीआजीने पाटी खाली ठेवली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. गाडीतलं कोणी 'चला' म्हणालं नाही. मग मी डोळे पुसले आणि तुझ्या बगळ्याच्या पायाखाली माझं नाव लिहिलं.